दालनातलं प्रदर्शन टिपताना: फिल्म कॅमेरा घ्यावा की डिजिटल?

प्रदर्शनाचे फोटो काढायचे ठरले की चर्चा थेट कॅमेऱ्यावर येते. कुणाला फिल्मचा ग्रेन, म्हणजे दाणेदार पोत, हवा असतो, कुणाला डिजिटलची खात्री. माझा सल्ला असा की कॅमेऱ्याचा विषय थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि आधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहावीत. हे फोटो कशासाठी हवे आहेत? आणि त्या दालनात उजेड किती आहे? ही उत्तरं हातात असली की फिल्म की डिजिटल हे ठरवायला फार वेळ लागत नाही. आवडीनिवडीचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तोही महत्त्वाचा आहेच.

इथे विचार केला आहे तो बंद दालनातल्या प्रदर्शनाचा: चित्रं, शिल्पं, वस्त्रं, हस्तलिखितं, काचेच्या पेटीतल्या वस्तू. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ यांची तोंडओळख तुम्हाला आहे असं धरलं आहे.

पायरी १: फोटो कशासाठी हवेत ते ठरवा

प्रदर्शनात तीन वेगवेगळी कामं असतात आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो.

पहिलं काम नोंदीचं. प्रत्येक कलाकृती जशी आहे तशी फोटोत उतरली पाहिजे: रंग खरे, कडा सरळ, पोत दिसणारा. कॅटलॉग, विमा, कलाकाराचा स्वतःचा संग्रह, डागडुजीआधीची नोंद, यांसाठी हे फोटो लागतात. या कामासाठी मी निःसंकोचपणे डिजिटल सुचवते. रंग जागेवर तपासता येतो, एखादा फोटो हलला असेल तर लगेच कळतं आणि शंभराव्या कलाकृतीचा फोटो पहिल्या फोटोइतकाच सारखा येतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा प्रसिद्ध केली. ती ८,४३९ वेगवेगळे फोटो जोडून तयार केलेली आहे. इतक्या फोटोंचा प्रकाश, रंग आणि फोकस एकसारखा राखणं फिल्मवर कल्पनेतसुद्धा अवघड आहे.

दुसरं काम मांडणीचं. भिंतीवर कुठलं चित्र कुठे लागलं, दोन शिल्पांमध्ये किती मोकळी जागा सोडली, दारातून आत येताना पहिली नजर कशावर पडते, हे सगळं दालनाच्या विस्तृत फोटोतून कळतं. प्रदर्शन उतरवल्यावर मांडणीचा हा एवढाच पुरावा उरतो. इथे दोन्ही कॅमेरे चालतात, आणि निर्णय उजेडावर व ट्रायपॉडच्या परवानगीवर ठरतो.

तिसरं काम माणसांचं. चित्रासमोर थबकलेले लोक, वाकून लेबल वाचणारी बाई, कंटाळून बाकावर बसलेलं मूल. या फोटोंत कलाकृतीचा रंग अचूक असण्यापेक्षा क्षण आणि वातावरण मोलाचं असतं. फिल्मचा गांभीर्याने विचार करावा तो इथे. जर्मन छायाचित्रकार थॉमस श्ट्रूथ यांनी मोठमोठ्या संग्रहालयांमध्ये चित्रं पाहणारी माणसं मोठ्या आकाराच्या फिल्मवर टिपली. ते फोटो पाहिल्यावर कळतं की प्रेक्षक हासुद्धा प्रदर्शनाचा भाग असतो.

तिन्ही कामं करायची असतील तर ती एकाच फेरीत उरकू नका. नोंद आणि मांडणी दालन रिकामं असताना, माणसं गर्दीच्या वेळी.

पायरी २: परवानगीचे चार प्रश्न

आयोजकांना आधीच लेखी विचारा: फोटो काढता येतील का, फ्लॅश चालेल का, ट्रायपॉड चालेल का, आणि हे फोटो कुठे वापरता येतील. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. चित्राचा फोटो तुम्ही काढला तरी मूळ चित्राचे हक्क कलाकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे असू शकतात.

फ्लॅशला बहुतेक ठिकाणी नकार मिळेल, आणि मिळाला नाही तरी तो वापरू नका. समोरून मारलेला फ्लॅश रंगांवर चकाकी आणतो, पोत सपाट करतो आणि दालनासाठी विचारपूर्वक केलेली प्रकाशयोजना पुसून टाकतो. जुन्या छोट्या फिल्म कॅमेऱ्यांमध्ये अंधार पाहून फ्लॅश आपोआप उडतो. तो बंद करायची सोय नसेल तर असा कॅमेरा प्रदर्शनात नेऊच नका. डिजिटल कॅमेऱ्यात फोकससाठी लागणारा छोटा दिवा बंद करायलाही लक्षात ठेवा.

ट्रायपॉडचं उत्तर मात्र कॅमेऱ्याची निवड पार बदलून टाकतं. ट्रायपॉड मिळाला तर फिल्मचे अनेक दरवाजे उघडतात. नाही मिळाला तर त्यातले बरेचसे बंद होतात.

पायरी ३: उजेड मोजा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा थांबू या.

प्रदर्शनाची दालनं आपल्याला वाटतात त्यापेक्षा खूप अंधारी असतात. डोळे सरावतात, म्हणून जाणवत नाही. प्रकाशाने रंग उडतो, कागद पिवळा पडतो, धागा कुजतो, आणि हे नुकसान साचत जातं. ते भरून येत नाही. म्हणून संग्रहालयांमध्ये जलरंग, कागद, वस्त्रं, जुने फोटो अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड ठेवण्याची प्रथा आहे. तैलचित्रांवर १५० ते २०० लक्सच्या आसपास. दगड, धातू, चिनी माती यांना एवढं जपावं लागत नाही, तिथे उजेड जास्त मिळू शकतो. तुलनेसाठी, भर दुपारचं ऊन सुमारे एक लाख लक्स असतं.

लक्समीटर नसला तरी मोजता येतं. करड्या रंगाचं ग्रे कार्ड कलाकृतीच्या शेजारी, तिच्यावर पडतो तसाच उजेड पडेल असं धरा. कॅमेरा आयएसओ ४०० आणि एफ/२.८ वर ठेवा, फ्रेम कार्डाने पूर्ण भरा आणि मीटर कोणता शटर स्पीड सांगतो ते पाहा. १/१० सेकंदाच्या आसपास आला तर तिथे साधारण ५० लक्स आहे. १/४० आला तर २००. ग्रे कार्ड नसेल तर आपला तळहात चालतो, फक्त तो कार्डापेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ असतो, तेवढा हिशेब धरायचा.

दालनात किमान पाच-सहा ठिकाणी मोजा: सगळ्यात उजळ भिंत, सगळ्यात अंधारा कोपरा, काचेची पेटी, आणि लोक जिथे उभे राहतात ती जागा. ही शेवटची जागा बहुतेक वेळा भिंतीपेक्षा एक-दोन स्टॉप काळोखी असते, कारण दिवे चित्रांवर रोखलेले असतात.

आता या आकड्यांचा अर्थ पाहू. ५० लक्समध्ये एफ/२.८ ला आयएसओ ४०० वर १/१०, १६०० वर १/४०, ३२०० वर १/८० आणि ६४०० वर १/१६० सेकंद मिळतो. हातात कॅमेरा धरून काढायचं तर जुना नियम असा की शटर स्पीड लेन्सच्या फोकल लेंथच्या उलट्या आकड्यापेक्षा सावकाश नसावा: ५० मिलिमीटरच्या लेन्सला १/५० किंवा त्याहून वेगवान. स्थिर उभा माणूस १/३० ला बहुतेक वेळा निभावतो. चालणाऱ्या माणसाला १/१२५ तरी हवा.

डिजिटलमधली कंपरोधक यंत्रणा, म्हणजे स्टॅबिलायझेशन, हात हलण्याचा परिणाम कमी करते. त्यामुळे भिंतीवरच्या चित्राचा फोटो १/१० लाही धारदार येऊ शकतो. समोरचा माणूस हलला तर ती काहीच करू शकत नाही. चित्रं आणि माणसं यांचे आकडे म्हणून वेगळे धरावेत.

पायरी ४: आकड्यांवरून निवड करा

माझा ढोबळ हिशेब असा आहे.

उजेड ५० लक्सच्या आसपास आणि ट्रायपॉडला मनाई असेल, तर रंगीत फोटोंसाठी डिजिटल घ्या. आयएसओ ३२०० किंवा ६४०० वर आजचे फुल फ्रेम कॅमेरे नीट काम करतात आणि राहिलेला नॉइज, म्हणजे फोटोतले नको असलेले ठिपके, नंतर आटोक्यात आणता येतो.

तोच उजेड, ट्रायपॉड नाही, पण कृष्णधवल चालणार असेल, तर फिल्म शक्य आहे. एफ/१.४ किंवा एफ/२ ची लेन्स आणि पुश केलेला रोल लागेल (पुश म्हणजे काय ते पुढच्या पायरीत).

२०० लक्स किंवा जास्त असेल, तर आयएसओ ४०० च्या फिल्मवर एफ/२ ला १/८० मिळतो. म्हणजे हातात धरून आरामात काम होतं.

ट्रायपॉड मिळाला आणि दालन रिकामं असेल, तर फिल्म आणि डिजिटल दोन्ही समान पातळीवर येतात आणि तुम्हाला निवडीचं खरं स्वातंत्र्य मिळतं.

पायरी ५: फिल्म घ्यायची तर कोणती

कृष्णधवलमध्ये इल्फर्ड एचपी५ प्लस आणि कोडॅक ट्राय-एक्स ४०० या दोन भरवशाच्या फिल्म. दोन्ही ४०० च्या, दोन्ही १६०० ला पुश होतात. पुश म्हणजे रोल १६०० चा आहे असं मानून दोन स्टॉप कमी एक्स्पोजर द्यायचं आणि डेव्हलप करताना वेळ वाढवायचा. एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी. डेव्हलपिंगचा वेळ वाढवल्याने मधले आणि उजळ भाग वर येतात, कॉन्ट्रास्ट वाढतो, पण ज्या सावलीने फिल्मवर ठसाच उमटवला नाही ती वाढीव वेळाने परत येत नाही. अंधाऱ्या दालनात काळे कपडे घातलेली माणसं काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात ती याचमुळे. चेहरा आणि भिंत महत्त्वाची असेल तर पुश करा. सावलीतला तपशील हवा असेल तर करू नका.

इल्फर्ड डेल्टा ३२०० आणि कोडॅक टी-मॅक्स पी३२०० यांच्या नावातला ३२०० फसवा आहे. दोन्हींची मूळ संवेदनशीलता १००० च्या आसपास किंवा थोडी कमी आहे, ३२०० हा पुश धरून दिलेला आकडा आहे. त्या १६०० ला वापरल्या तर सावल्या जास्त भरीव येतात. ग्रेन ठळक असतो. मला तो आवडतो, विशेषतः १२० च्या रोलवर, म्हणजे ३५ मिलिमीटरपेक्षा रुंद फिल्मवर, कारण मोठ्या निगेटिव्हमध्ये तो बोचत नाही.

रंगीत फिल्मची अडचण वेगळी. दालनातले दिवे सहसा पिवळसर असतात, ३००० केल्विनच्या आसपास (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर). कोडॅक पोर्ट्रा ४०० किंवा ८०० सारख्या फिल्म दिवसाच्या प्रकाशासाठी, म्हणजे ५५०० केल्विनसाठी, बनवलेल्या आहेत. अशा दिव्यांखाली फोटो नारिंगी पडतो. स्कॅन करताना ते बरंचसं सुधारता येतं, पण फिल्मच्या निळ्या थराला कमी प्रकाश मिळालेला असतो, त्यामुळे निळ्या भागांत आणि सावल्यांत मळकटपणा राहतो. लेन्सवर ८०ए क्रमांकाचा निळा फिल्टर लावणं हा जुना उपाय. तो दोन स्टॉप प्रकाश खातो. ४०० ची फिल्म त्याने १०० ची होऊन बसते. ५० लक्समध्ये हातात धरून हे जमणार नाही.

सिनेस्टिल ८००टी ही फिल्म ३२०० केल्विनच्या दिव्यांसाठी आहे, त्यामुळे फिल्टर लागत नाही आणि ५० लक्समध्ये एफ/२ ला १/४० मिळतो. ती सिनेमाच्या फिल्मवरून बनवतात आणि तिच्या मागचा काळा थर काढून टाकलेला असतो. परिणामी दिव्यांभोवती आणि चकाकत्या कडांभोवती लाल वलय उमटतं. फ्रेममध्ये स्पॉटलाइट आले तर हे वलय हमखास दिसेल. वातावरणाच्या फोटोत ते शोभतं, कलाकृतीच्या नोंदीत मुळीच नाही.

स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर थेट खऱ्या रंगांतलं चित्र उमटतं ती, उदाहरणार्थ कोडॅक एक्टाक्रोम ई१००, ट्रायपॉडवरच शक्य आहे. तिचा आयएसओ १०० आणि चुकीला वाव अर्ध्या स्टॉपचा. तरीही रंगीत फिल्मवर कलाकृती नोंदवायचीच असेल आणि दिव्यांना साजेसा फिल्टर असेल, तर मी निगेटिव्हऐवजी स्लाइड घेईन. निगेटिव्हचा रंग शेवटी स्कॅन करणाऱ्याच्या हातात असतो. स्लाइड मात्र टेबलावर ठेवून डोळ्यांनी मूळ चित्राशी ताडून पाहता येते.

ट्रायपॉडवर लांब एक्स्पोजर देताना आणखी एक हिशेब येतो. सेकंदाच्या पुढे फिल्मची संवेदनशीलता घसरत जाते. इल्फर्ड एचपी५ प्लससाठी मोजलेल्या वेळेचा १.३१ घात घ्यायला सांगते: मीटरने १० सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात सुमारे २० द्यायचे. एफपी४ प्लसला हा घात १.२६ आहे, म्हणजे ५ सेकंदांचे साडेसात. हे आकडे घरीच काढून चिठ्ठी कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. डिजिटलला ही कटकट नाही.

पायरी ६: डिजिटलची तयारी

रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, काढा. जेपेगमध्ये रंगाचा निर्णय कॅमेरा घेऊन टाकतो आणि नंतर बदलायला जागा थोडी उरते.

ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगाचा हिशेब कॅमेऱ्याने आपोआप करणं, बंद करा. मोठं लाल चित्र समोर आलं की कॅमेरा त्यालाच प्रकाशाचा रंग समजतो आणि फोटो निळसर-हिरवट करतो. शेजारच्या फोटोत परत वेगळा रंग. त्यापेक्षा प्रत्येक दालनात ग्रे कार्डावरून व्हाइट बॅलन्स ठरवा. नोंदीच्या कामात २४ चौकोनांचं रंगकार्ड, कलरचेकर, एका फोटोत कलाकृतीशेजारी धरा. दिवे बदलले की पुन्हा धरा. फिल्मवर काम करत असाल तरी हे कार्ड एका फ्रेममध्ये घ्या. स्कॅन करणाऱ्याला त्याचा फार आधार होतो.

व्हाइट बॅलन्सने सगळं सुटत नाही, हेही सांगायला हवं. हलक्या दर्जाच्या एलईडी दिव्यांच्या प्रकाशात काही रंग पुरेसे नसतातच. जो रंग दिव्यातच नाही तो चित्रातून परत येणार कसा? दिवे ठरवणं तुमच्या हातात असेल तर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० किंवा त्याहून जास्त असलेले मागा.

एलईडीची दुसरी खोड लुकलुकण्याची. डोळ्यांना दिसत नाही, पण फोटोत आडवे पट्टे येतात, आणि इलेक्ट्रॉनिक म्हणजे आवाज न करणाऱ्या शटरवर जास्तच. दालनात शिरल्याशिरल्या पांढऱ्या भिंतीचे चार फोटो वेगवेगळ्या शटर स्पीडला काढा आणि मोठे करून पाहा. पट्टे दिसले तर यांत्रिक शटर वापरा किंवा वेग कमी करा. ५० हर्ट्‌झ वीज असलेल्या ठिकाणी १/५० आणि १/१००, ६० हर्ट्‌झच्या ठिकाणी १/६० आणि १/१२० हे सुरक्षित आकडे. मंद करता येणाऱ्या दिव्यांची लुकलुक वेगळ्याच लयीत असू शकते, तेव्हा चाचणीवरच विसंबा. फिल्म कॅमेरा अशा दालनात मुळातच सावकाश शटरवर चालतो, त्यामुळे त्याला हा त्रास क्वचित होतो.

वस्त्रांच्या प्रदर्शनात दोन्हीकडे खाचखळगे आहेत. बारीक विणकाम आणि सेन्सरच्या पिक्सेलची जाळी एकमेकांवर आली की कापडावर नसलेल्या लहरी उमटतात, म्हणजे मॉइरे. अंतर थोडं बदललं किंवा कॅमेरा किंचित फिरवला की त्या बहुतेक जातात. फिल्मचा ग्रेन विस्कळीत असल्यामुळे तिच्यावर हे होत नाही. पण काही रंगवलेली निळी कापडं रंगीत फिल्मवर जांभळट होतात, कारण डोळ्याला जेमतेम जाणवणारा गडद लाल प्रकाश ती परावर्तित करतात आणि फिल्मचा लाल थर तो टिपतो. निळं वस्त्र नोंदवायचं असेल तर म्हणूनच डिजिटल फोटो रंगकार्डासकट काढून ठेवाच.

पायरी ७: एक्स्पोजर, दोन वेगळ्या सवयी

काळोखं दालन आणि स्पॉटलाइटखालचं पांढरं शिल्प यांच्या उजेडात फरक मोठा असतो. अशा वेळी दोन्ही माध्यमांची वागणूक एकमेकांच्या उलट असते, आणि एकाची सवय दुसऱ्याला लावली की फोटो बिघडतात.

डिजिटलमध्ये पांढरा भाग एकदा उडाला की गेला. त्यात काहीच उरत नाही. म्हणून मोजमाप उजळ भागावर घ्या, हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजव्या काठाला आदळू देऊ नका, सावल्या रॉमधून नंतर वर काढा.

निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड निमूटपणे सामावून घेते, दोन स्टॉप जास्त झाले तरी फोटो हाती येतो. कमी उजेड मात्र ती माफ करत नाही. तेव्हा मोजमाप ज्या सावलीत तपशील हवा तिथे घ्या आणि शंका वाटली तर अर्धा-एक स्टॉप जास्त द्या. दिवे फ्रेममध्ये घेऊन काढलेल्या मांडणीच्या फोटोत निगेटिव्हवर उजळ भाग ज्या सावकाशीने पांढऱ्याकडे सरकतो, ते मला आजही सुंदर वाटतं. ट्रायपॉड आणि वेळ दोन्ही असतील तर अशा फोटोसाठी मी फिल्मच निवडेन.

पायरी ८: काच, चकाकी आणि सरळ कडा

इथे कॅमेरा कुठलाही असो, मेहनत सारखीच. फरक एवढाच की डिजिटलच्या पडद्यावर चूक लगेच दिसते आणि फिल्मवर रोल धुऊन आल्यावर.

काचेत दिसतं ते तुमच्या मागचं उजळ जग. त्यामुळे पहिला उपाय म्हणजे स्वतः काळे कपडे घालणं आणि मागचे दिवे बंद करून मिळाले तर पाहणं. काळ्या कापडाच्या मधोमध लेन्सपुरतं भोक पाडून ते कॅमेऱ्यासमोर धरलं की समोरून काढलेल्या फोटोतलं प्रतिबिंब जवळजवळ नाहीसं होतं. पेटीच्या बाबतीत, परवानगी असेल तर लेन्सचं रबरी हूड काचेला अलगद टेकवा.

पोलरायझर फिल्टरकडून लोक जास्त अपेक्षा करतात. तो काचेवरचं प्रतिबिंब मारतो ते तिरक्या कोनातून, काचेला काटकोनात असलेल्या रेषेपासून सुमारे ५६ अंशांवर सगळ्यात जास्त. अगदी समोरून पाहताना त्याचा उपयोग जवळपास शून्य, आणि दीड-दोन स्टॉप उजेड मात्र जातो. फिल्मवर तेवढा उजेड परवडत नाही. तैलचित्राच्या वार्निशवरची चकाकी घालवायची असेल तर थोडं बाजूला सरकून पाहा, नाहीतर दिव्याचा कोन बदलायची विनंती करा.

चित्र चौकोनी दिसायला हवं असेल तर सेन्सर किंवा फिल्म त्याच्या पृष्ठभागाला समांतर हवी. लेन्सची उंची चित्राच्या मध्याशी जुळवा. भिंतीवर सपाट धरलेल्या छोट्या आरशात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं की कॅमेरा भिंतीला काटकोनात आला. आरसा चित्राला टेकवायचा नाही. शिवाय टांगलेली चित्रं वरच्या बाजूने जरा पुढे झुकलेली असतात, तेव्हा शेवटची खात्री व्ह्यूफाइंडरमधल्या जाळीवर चौकटीच्या कडा जुळवूनच करा. ५० मिलिमीटरची किंवा थोडी लांब मॅक्रो लेन्स, एफ/८, ट्रायपॉड, आणि शटर सोडायला टायमर किंवा केबल. ५० लक्समध्ये आयएसओ १०० ला एफ/८ वर सुमारे ३ सेकंद लागतात. एवढा वेळ लाकडी फरशीवरून कुणी चालू नये, हे आधी सांगून ठेवा.

शिल्पांना वाइड लेन्स लावू नका. जवळचा हात राक्षसी होतो आणि प्रमाण बिघडतं. मागे सरका, ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स घ्या.

पायरी ९: आवाज आणि शिस्त

शांत दालनात आरशाच्या कॅमेऱ्याचा खटका सगळ्यांना ऐकू जातो. मिररलेस डिजिटल पूर्ण शांत करता येतो. फिल्ममध्ये हलणारा आरसा नसलेले रेंजफाइंडर आणि दोन लेन्सचे टीएलआर कॅमेरे सौम्य असतात. टीएलआरमधलं लीफ शटर जेमतेम ऐकू येतं आणि कॅमेरा छातीशी धरून खाली पाहत फोटो काढायचा असल्यामुळे लोकांवर रोखल्यासारखा वाटत नाही. त्याच्या रोलवर १२ फ्रेम मिळतात आणि लेन्स सहसा एफ/३.५ किंवा एफ/२.८ ची असते, तेव्हा डेल्टा ३२०० बरोबर न्या. ज्यांचे चेहरे ओळखू येतात त्यांना विचारा, आणि लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय काढू नका.

पायरी १०: दोन्ही नेणार असाल तर

माझ्या मते प्रदर्शनासाठी ही सगळ्यात समाधानकारक व्यवस्था आहे, पण कामांची वाटणी स्पष्ट हवी. डिजिटलवर नोंद आणि रंगीत मांडणी. फिल्मवर कृष्णधवल माणसं आणि दोन-चार निवडक दालनदृश्यं. एकच फोटो दोन्हींवर काढत बसलात तर दोन्हीकडचं लक्ष उडतं.

डिजिटल कॅमेरा फिल्मसाठी मीटर म्हणूनही कामाला येतो. त्यावर फिल्मचाच आयएसओ आणि अ‍ॅपर्चर ठेवून चाचणी फोटो काढा, चेहरे आणि सावल्या बघा, आणि तो शटर स्पीड फिल्म कॅमेऱ्यावर लावताना अर्धा ते एक स्टॉप जास्त द्या. पडद्यावर सावली ठीक दिसली म्हणून फिल्मवरही ती येईल असं समजू नका.

रोलची संख्या आधी ठरवा. ३५ मिलिमीटरच्या एका रोलवर ३६ फ्रेम, आणि पुश करायचा रोल पूर्ण त्याच आयएसओवर काढावा लागतो. अर्धा रोल ४०० वर आणि अर्धा १६०० वर असं चालत नाही.

पायरी ११: घरी आल्यावर

रोल कॅमेऱ्यातून निघाला की त्याच क्षणी त्यावर मार्करने लिहा: ‘१६०० ला पुश’, दालनाचं नाव, तारीख. लॅबला देताना पुश तोंडी सांगून भागवू नका, पाकिटावर लिहा. निगेटिव्ह स्कॅन करून घेताना ऑटो रंगसुधारणा बंद ठेवायला सांगा आणि मोठी फाइल मागा. ३५ मिलिमीटरची फ्रेम ४००० डीपीआयला स्कॅन केली तर साधारण २१ मेगापिक्सेल मिळतात, त्यावर मोठा प्रिंट निघतो. निगेटिव्ह आम्लमुक्त पाकिटांत, कोरड्या आणि थंड जागी.

डिजिटल फाइल्सच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. प्रत्येक फाइलला कलाकृतीच्या लेबलाशी जोडणारं नाव द्या. त्यासाठी दालनात असतानाच प्रत्येक कलाकृतीनंतर तिच्या लेबलाचा एक फोटो काढायची सवय ठेवा. फिल्मवर काम करताना हे लेबल मोबाइलवर टिपा आणि फ्रेमचा क्रमांक शेजारी लिहा.